रात्री चेहऱ्याला काय लावायचं? नवख्यांसाठी साधा क्रम

रात्री चेहऱ्याची कामं दोनच. दिवसभर चढलेलं उतरवायचं आणि रात्रभर ओलावा टिकेल अशी सोय करायची. पुळ्या, डाग, सुरकुत्या यांवरचं औषध हे तिसरं काम. ते ज्याला तक्रार आहे त्याने करावं, आणि तेही पहिली दोन अंगवळणी पडल्यावर. बाजारात मात्र उलट्या क्रमाने विकतात. आधी सीरम (औषधी घटकाचं पातळ द्रावण) गळ्यात मारतात, मग त्याने चुरचुरलेल्या चेहऱ्यासाठी क्रीम. त्यामुळे पहिल्या महिन्यात एक सौम्य फेसवॉश आणि एक मॉइश्चरायझर एवढंच घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी साधी ट्यूब चालते. महागड्या काचेच्या बाटलीत बरेचदा तेच ग्लिसरीन असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला कुठेही इजा झाली, मग ती पुळी फोडल्याने होवो, घासल्याने की जळजळीत क्रीमने, की त्या जागी काळपट डाग उरतो आणि तो जायला महिने लागतात. पुळी आठवड्याची पाहुणी, डाग मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत. म्हणून "थोडं चुरचुरतंय म्हणजे काम करतंय" हे दुकानातलं वाक्य कानाआड करा. आपल्याकडे चुरचुरणं ही थांबायची खूण आहे.

वेळ कोणती?

झोपायची वेळ नकोच. अकरा वाजता डोळे मिटत असताना कोणी उठून चेहरा धूत नाही. कामावरून घरी आलात, हातपाय धुतलेत, तेव्हाच चेहरा धुऊन टाका, किंवा रात्रीची भांडी आवरल्यावर लगेच. रात्रीचं रुटीन मोडतं ते आळसापेक्षा चुकीच्या वेळेमुळेच जास्त. आणि ओलावा रात्रीच का जपायचा? त्वचेतून पाणी उडून जाण्याचं प्रमाण दिवसापेक्षा रात्री जास्त असतं. त्यात डोक्यावर पंखा किंवा समोर एसी असला की सकाळी गाल ओढल्यासारखे वाटतातच.

आपली त्वचा कशी आहे?

त्यासाठी यंत्र नको, ऑनलाइन प्रश्नावलीही नको. सुट्टीच्या दिवशी चेहरा धुवा, टिपा आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. सगळा चेहरा ताणल्यासारखा वाटला तर कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी चमकली आणि गाल नेहमीसारखे राहिले तर मिश्र. गालांवरही तेल आलं तर तेलकट. मात्र ही परीक्षा ऋतू बदलला की पुन्हा द्यावी लागते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात तेलकट वाटणारा चेहरा पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात सालपटं टाकतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर उष्ण कोरडी हवा आणि घरात कूलर, तिथला हिशोब आणखी वेगळा. म्हणजे मॉइश्चरायझर वर्षभर एकच चालेल असं नाही.

पहिली पायरी: आधी उतरवा

टिकलीपासून सुरुवात करू. रात्री टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच पुन्हा कपाळाला लावायची, हे घरोघरी चालतं. बऱ्याच टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. काही जणींना त्याने खाज येते, आणि काहींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. टिकलीखाली खाजत असेल किंवा रंग फिकट वाटत असेल तर ती आजच बंद करा. ज्यांना काही त्रास नाही त्यांनीही रात्री काढावी आणि गोंद बोटाने खरवडण्याऐवजी थेंबभर तेलाने सोडवावा.

काजळ, लिपस्टिक आणि पाण्याने न जाणारं सनस्क्रीन नुसत्या फेसवॉशने नीट निघत नाही. त्यासाठी मिसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बाम, म्हणजे मेकअप उतरवायचं पाणी किंवा मलम, घ्यायला हरकत नाही. पण फक्त काजळाचाच प्रश्न असेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या पापणीवर दहा सेकंद नुसतं टेकवा आणि मग खाली ओढून घ्या. घासू नका. पापण्यांची आणि डोळ्यांभोवतीची त्वचा चेहऱ्यात सगळ्यात पातळ असते. तेल वापरलंत तर नंतर फेसवॉश हवाच. मेकअप नाही, सनस्क्रीनही साधं, तर ही पायरी सोडून द्या. दोनदा चेहरा धुण्याचा आग्रह सगळ्यांसाठी नाही.

दुसरी पायरी: धुणं

इथे लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि नुकसान मात्र इथेच जास्त होतं.

त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. म्हणून साबणाने धुतल्यावर चेहरा करकरीत लागतो, आणि त्या करकरीतपणालाच आपण स्वच्छता समजत आलो. तो खरं तर वरचं संरक्षक तेल निघून गेल्याचा आवाज आहे. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर साबणाचा न विरघळणारा थर त्वचेवर बसतो, तो वेगळाच. वडीच वापरायची सवय असेल तर मेडिकलमध्ये 'सिंडेट बार' मागा. दिसायला साबणासारखा, पण साबण नव्हे, आणि जड पाण्यातही त्याचा चिकट थर बसत नाही.

आधी हात धुवा. चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने ओला करा. आंघोळीचं कढत पाणी चेहऱ्यावर नको. फेसवॉश हातावर फेसून मग चेहऱ्यावर घ्या आणि बोटांच्या पेरांनी अर्धा ते एक मिनिट फिरवा. विसरल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: नाकपुड्यांच्या खाचा, जबड्याची कड, कानापुढचा भाग आणि कपाळावरची केसांची रेघ. फेस धुतानाही याच जागी राहतो आणि मग तिथेच बारीक पुळ्या येतात. शेवटी स्वतःचा वेगळा मऊ पंचा घेऊन टिपा. घरातल्या चार जणांचा एकच टॉवेल असेल तर त्यापेक्षा धुतलेला जुना सुती रुमाल बरा.

तेलकट त्वचेला २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश चालतो. कोरडीला फेस न होणारा, लोशनसारखा. अक्रोडाच्या टरफलांचे स्क्रब, खरखरीत ब्रश, चारकोलचे ओढून काढायचे मास्क यांतलं काहीही नवख्याने रोजच्या क्रमात आणू नये. माझ्या मते नंतरही नाही.

तिसरी पायरी: ओलावा

चेहरा टिपल्यावर पूर्ण कोरडा होऊ देऊ नका. किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्ल, भेगा बुजवायला सेरामाइड, आणि वरून झाकायला डायमेथिकोन किंवा पेट्रोलॅटम, हे शब्द पाकिटामागच्या यादीत शोधा. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. ज्या घटकाचं नाव पुढे मोठ्या अक्षरात आहे तो मागे सुगंधाच्याही नंतर आला असेल, तर तो किती असणार ते कळतंच. सुगंध नसलेलं मिळालं तर तेच घ्या. जेल तेलकट त्वचेला, लोशन मिश्र त्वचेला, क्रीम कोरडीला. चेहरा आणि गळा मिळून दोन बोटांच्या पेरांएवढं पुरतं.

"माझी त्वचा तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर कशाला?" हा नेहमीचा प्रश्न. तेल वेगळं, पाणी वेगळं. तेलकट चेहराही आतून कोरडा पडू शकतो, विशेषतः पुळ्यांची औषधं चालू असली तर. त्याला पातळ जेल पुरतं. मुंबईच्या जून-जुलैत ज्यांना तेही जड वाटतं त्यांनी एखादी रात्र सोडली तर काही बिघडत नाही.

आता खोबरेल तेलाचं. अंगाला, टाचांना, कोपरांना उत्तम. चेहऱ्याला मात्र ज्यांना पुळ्या येतात त्यांनी लावू नये, कारण ते छिद्रं बुजवतं. आजीला आयुष्यभर चाललं हे खरं असेल, पण आजीची त्वचा तुम्हाला आली असेलच असं नाही. केसांच्या तेलाचाही यात वाटा आहे. रात्री चपचपीत तेल लावून झोपलं की ते कपाळावर उतरतं, उशीवर लागतं, उशीवरून गालावर येतं. कपाळाच्या वरच्या कडेला ओळीने पुळ्या असतील तर पहिला संशय तेलावर घ्या. तेल केस धुण्याच्या दोन तास आधी लावा आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा तरी बदला.

ओठांना पेट्रोलियम जेली. १८७० च्या दशकापासून तीच बाजारात आहे आणि अजून तिला तोड नाही. टाचांनाही तीच. आय क्रीम, टोनर, चेहऱ्यावर मारायचा फवारा यांबद्दल एवढंच, की हौस असेल तर घ्या, गरज नाही.

इथे थांबा, महिनाभर

खरंच थांबा. नुसत्या नीट धुण्याने आणि ओलाव्याने बऱ्याच तक्रारी कमी झालेल्या दिसतात. शिवाय पुढे काही बिघडलं तर ते कशाने बिघडलं हे कळतं. एकाच आठवड्यात चार वस्तू सुरू केल्या तर कोणाला धरायचं?

कोणतीही नवी वस्तू चेहऱ्यावर येण्याआधी चार-पाच रात्री कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. लाली, खाज, पुरळ नाही तर पुढे जा. बाटली उघडल्याची तारीख पेनाने बुडावर लिहून ठेवा. पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो, तितके महिने ती वस्तू चालते.

चौथी पायरी, फक्त ज्यांना हवी त्यांच्यासाठी

एक तक्रार निवडा आणि तिच्यावर एकच औषधी घटक घ्या.

पुळ्यांचे डाग आणि तेलकटपणा यांसाठी नियासिनामाइड नवख्याला सगळ्यात सोपं. ४-५ टक्के पुरे. १० टक्क्यांच्या बाटल्या जास्त विकल्या जातात म्हणून जास्त चालतात असं नाही, काहींना त्याने लाली येते. मॉइश्चरायझरच्या आधी लावायचं, रोज चालतं.

पुळ्या, बारीक सुरकुत्या आणि खडबडीतपणा या तिन्हींवर ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो गट म्हणजे रेटिनॉइड. त्यात दुकानात मिळणारं सौम्य रेटिनॉल आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे अ‍ॅडापलिन, ट्रेटिनॉइन आहेत. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं, म्हणून तर ते रात्रीचं औषध. वापरायची रीत नीट पाळली तर त्रास बराच कमी होतो. चेहरा धुऊन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. पूर्ण चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढंच घ्या. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा. पापण्या, नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा सोडा. वर मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक दिवसाआड. सुरुवातीला थोडी सालपटं निघतात, पुळ्याही काही आठवडे वाढल्यासारख्या वाटतात. फरक दिसायला तीन महिने धरा. त्याआधी "काही होत नाही" म्हणून दुप्पट लावणारे हमखास भाजून घेतात. गरोदर असाल, त्या प्रयत्नात असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर हा गट घेऊ नका. तेव्हा पुळ्यांसाठी आणि डागांसाठी अ‍ॅझेलाइक आम्लाबद्दल डॉक्टरांना विचारा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड पुळ्यांवर चांगलं, २.५ टक्के पुरतं. पण ते कापडाचा रंग घालवतं. पांढरा अभ्रा वापरा आणि आईचा रंगीत टॉवेल दूर ठेवा. ते आणि ट्रेटिनॉइन एकावर एक लावू नये.

ज्या रात्री रेटिनॉइड त्या रात्री ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक अशी आम्लं नकोत. त्या रात्री दाढी केली असेल, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग झालं असेल, तर औषधाला सुट्टी. आणि यांतलं काहीही लावत असाल तर सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. ते लावायचं नसेल तर रात्रीच्या औषधाचे पैसे वाचवा. गालांवर वांग असलेल्यांनी तर रंगछटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशाने वाढतो.

बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ही पायरी नाहीच. रील पाहून रेटिनॉल मागणाऱ्या भाचीला फेसवॉश आणि लोशन द्या आणि विषय बदला.

मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरं करणारी' ट्यूब

हा भाग वगळू नका. "रात्री लावा, आठ दिवसांत फरक" म्हणून मेडिकलमधून किंवा पार्लरमधून जी छोटी ट्यूब मिळते, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचं मिश्रण काळ्या डागांसाठी मांडलं. त्याचेच भाऊबंद आज आपल्याकडे या ट्यूबांमध्ये आहेत. ते डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं औषध आहे. रोजची नाइट क्रीम म्हणून वापरलं तर पहिले पंधरा दिवस चेहरा खरोखर उजळतो, आणि तीच त्याची खोड. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, गालांवर लव वाढते. बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीमची चिठ्ठीशिवायची विक्री बंद केली. कागदावरचा नियम आणि गल्लीतलं दुकान यांत अंतर आहे, म्हणून पाकिटावर आरएक्स (Rx) हे चिठ्ठीवरच्या औषधाचं चिन्ह आणि लाल चौकटीतली सूचना आहे का ते स्वतः पाहा. नायट्यासाठी आणलेली ट्यूब चेहऱ्याच्या डागावर लावणं हाही त्याच वाटेचा प्रकार, कारण त्यांतल्या अनेकींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आधीच लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

ज्यावर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, अशा डब्यांचा धोका त्याहून मोठा. त्यांत पारा असू शकतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आजारापूर्वी गोरेपणाचं क्रीम वापरलं होतं. अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती.

घरगुती उपायांचं काय?

उटणं दिवाळीला लावा, मजेने लावा. रोज रात्री मसुराच्या पिठाने घासायची गरज नाही. लिंबाचा रस इतका आम्लधर्मी असतो की नाजूक त्वचा भाजते, आणि भाजली की डाग. टूथपेस्ट पुळीवर लावली तर पुळी सुकते आणि भोवतीची त्वचाही. साय कोरड्या गालांना बरी, पण धुऊन टाका, पुळ्यांच्या चेहऱ्याला नकोच. कुंडीतली कोरफड लावणार असाल तर पान कापून दहा मिनिटं उभं ठेवा. सालीखालचा पिवळा चीक खाजरा असतो, तो निथळून गेल्यावर आतला पारदर्शक गर घ्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पुळ्या मोठ्या, दुखऱ्या आणि खोल असतील तर लगेच, कारण त्यांचे खड्डे राहतात आणि खड्डा कोणत्याही क्रीमने भरत नाही. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, विशेषतः दमट हवेत आणि डोक्यात कोंडा असताना, तर त्या बुरशीच्या असू शकतात. त्यांना मुरुमाचं औषध लागू पडत नाही. मुलींमध्ये जबड्यावर दर महिन्याला पुळ्या, अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर जाड केस हे एकत्र असेल तर संप्रेरकांची तपासणी लागते. पांढरा डाग, वाढता किंवा रंग बदलणारा तीळ, दोन आठवडे न जाणारी लाली, यांसाठीही थांबू नका.

जाताना सध्या चेहऱ्याला लावत असलेल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून न्या. पार्लरवालीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा. आणि त्या दिवशी चेहऱ्यावर मेकअप नको.